घरांतील शास्त्र : आठवण ठेवणारी पाटी

हल्लीं बहुतेक घरांतून मुलांच्या हातीं एक नवी पाटी दिसूं लागली आहे. ती दगडाची नव्हे व पत्र्याचीही नव्हे. तिच्या काळ्या, गुळगुळीत पृष्ठावर प्लॅस्टिकच्या बोथट लेखणीनें किंवा नुसत्या नखानें ओढलें कीं हिरवट रेघ उमटते, आणि कडेची कळ दाबली कीं सर्व लिखाण एका क्षणांत नाहींसें होतें. खडू नाहीं, धूळ नाहीं, पुसावयास ओलें फडकें नाहीं. दुकानदार तिला ‘एलसीडी पाटी’ म्हणतात, कोणी ‘जादूची पाटी’ म्हणूनही विकतात. जादू म्हटलें कीं विचाराचें काम संपतें. म्हणून तो शब्द आम्ही दुकानदारांकडेच ठेवतों.

या पाटीसंबंधीं घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना एक शंका हटकून येते, आणि ती मार्मिक आहे. मनगटावरील घड्याळांत व हिशेबाच्या कॅल्क्युलेटरवर आंकडे दिसतात तेही एलसीडीचेच. घड्याळाचा सेल संपला कीं आंकडे जातात. पाटीचा सेल मात्र काढून ठेवला तरी लिहिलेलें अक्षर तसेंच राहतें; इतकेंच नव्हे, तर सेल नसतांना नवें अक्षरही लिहितां येतें. पुसतां तेवढें येत नाहीं. लिहावयास वीज नको, राखावयास वीज नको, आणि पुसावयास मात्र पाहिजे, हा व्यवहार कसा? या महिन्यांत याच प्रश्नाचा विचार करूं.

प्रथम दोन घरगुती वस्तू डोळ्यांपुढें आणाव्या. दारावरील विजेच्या घंटीचें बटण दाबून धरावें तोंपर्यंत घंटी वाजते. बोट काढलें कीं बटण आपोआप वर येतें व घंटी थांबते. या बटणाला स्वतःची अशी एकच जागा आहे. दुसऱ्या जागीं त्याला ठेवावयाचें तर कोणी तरी सारखा जोर लावीत राहिलें पाहिजे. दिव्याच्या कळीचें तसें नाहीं. ती खालीं केली कीं खालीं राहते, वर केली कीं वर राहते. तिला दोन जागा आहेत आणि दोन्ही तिला मानवतात. जोर लागतो तो एका जागेहून दुसऱ्या जागीं नेतांना, आणि तोही क्षणभरच. घड्याळांतील आंकडा घंटीच्या बटणासारखा आहे. पाटीवरील अक्षर दिव्याच्या कळीसारखें आहे. बाहेरून कांहीं खर्च न करतां दोन स्थितींपैकीं कोणत्याही एकींत स्वस्थ राहणाऱ्या अशा रचनेस द्विस्थिर म्हणतात.

आतां द्रवस्फटिक म्हणजे काय तें पाहूं. या नांवांतच विरोध आहे. स्फटिक म्हणजे मीठ, साखर, तुरटी यांसारखा घन पदार्थ. त्याचे कण रांगेनें व शिस्तीनें बसलेले असतात. द्रव म्हणजे पाणी किंवा तेल. त्याचे कण एकमेकांवरून घसरत वाटेल तसे फिरतात. इ. स. १८८८ मध्यें प्राग येथें फ्रीड्रिख रायनित्झर नांवाचे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून होणाऱ्या द्रव्यांची परीक्षा करीत होते. त्यांपैकीं कोलेस्टेरिल बेंझोएट हें द्रव्य १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलें, पण रस निघाला तो गढूळ. आणखी तापवितां १७८.५ अंशांवर तोच रस एकाएकीं निवळशंख झाला. एकाच शुद्ध पदार्थाला दोन वितळबिंदु कसे? रायनित्झर यांनीं हें कोडें जर्मनीतील ऑटो लेमान यांच्याकडे पाठविलें. लेमान यांच्यापाशीं पदार्थ तापवीत असतांनाच निरीक्षण करतां येईल असा सूक्ष्मदर्शक होता. तो गढूळ रस पाण्यासारखा वाहतो खरा, पण प्रकाशाशीं त्याचें वागणें स्फटिकासारखें आहे, असें त्यांना दिसलें, आणि १८८९ सालीं त्यांनीं वाहत्या स्फटिकांवर आपला लेख प्रसिद्ध केला.

या रसांतील रेणू लांबट, काडीसारखे असतात. ते जागा सोडून फिरतात म्हणून तो द्रव. पण फिरतांना सगळ्यांचीं तोंडें साधारण एकाच दिशेस राहतात म्हणून तो स्फटिक. वारीच्या वाटेवर माणसें पुढें-मागें होतात, तरी सगळ्यांचें तोंड पंढरीकडेच असतें, तसें हें आहे. ज्या कोलेस्टेरॉलचें नांव आज घरोघर रक्ताच्या तपासणीच्या कागदावर वाचावयास मिळतें, त्यावरूनच द्रवस्फटिकांच्या एका जातीस ‘कोलेस्टेरिक’ हें नांव पडलें. आपल्या पाटींत हीच जात आहे. मात्र पाटींतील द्रव्य आतां निराळ्या कृत्रिम मिश्रणांचें करतात, नांव तेवढें जुनें राहिलें.

या विद्येशीं आपल्या प्रांताचाही थोडा ऋणानुबंध आहे. नागपूर विद्यापीठांतून १९५१ सालीं एम्. एस्सी. झालेले शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे पुढें बंगळूर येथें आपले मामा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या संशोधनसंस्थेंत गेले. तेथें १९७७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं काडीच्या नव्हे, तर चकतीच्या आकाराच्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक होतो असें दाखविलें. जगांतील या विषयाच्या ग्रंथांत तो शोध आजही त्यांच्याच नांवें नमूद आहे.

घड्याळांतील आंकडा कसा उमटतो हें आधीं समजून घेतलें म्हणजे पाटीचें वेगळेपण कळेल. घड्याळांतील ही रचना १९७० सालच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील बाझल येथें मार्टिन शाट व वोल्फगांग हेल्फरिख यांनीं सिद्ध केली. दोन कांचांमध्यें द्रवस्फटिकाचा अति पातळ थर असतो. वरच्या कांचेचा आंतला लेप पूर्व-पश्चिम घांसलेला असतो, खालच्या कांचेचा दक्षिणोत्तर. कांचेला लागून असलेले रेणू त्या त्या घांसणीच्या दिशेनें पडतात, आणि मधले रेणू हळूहळू वळत काटकोनाचा एक पीळ घेतात. आंत शिरलेला प्रकाश या पिळाबरोबर वळून पार होतो. विजेचा दाब दिला कीं मधले रेणू कांचांना लंब असे उभे राहतात, पीळ उलगडतो, आणि कांचांच्या बाहेर लावलेल्या ध्रुवक पट्ट्या तेवढ्या भागांतील प्रकाश अडवितात. तेथें काळी रेघ दिसते. दाब काढला कीं दोन्ही कांचांचें वळण रेणूंना ओढून पूर्वस्थितीस आणतें. रेघ गेली.

ज्यांनीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचला असेल त्यांना येथें संस्काराचे तीन प्रकार आठवतील : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वस्तूला तिच्या स्थितीहून ओढून निराळें केलें असतां तिला पुन्हां मूळ स्थितीस आणणारा गुण तो स्थितिस्थापक. चटई वगैरे पदार्थांत तो राहतो. गुंडाळून ठेवलेली चटई पसरली कीं तिच्या कडा पुन्हां वळूं पाहतात, हें प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. भावना म्हणजे अनुभवापासून मनांत उरलेला आणि पुढें स्मरणास कारण होणारा संस्कार. तो फक्त आत्म्याच्या ठायीं असतो, जड पदार्थांत नसतो, असें नैयायिकांचें मत. घड्याळांतील द्रवस्फटिक हा उघड उघड स्थितिस्थापकाचा मासला आहे. पाटींतील द्रवस्फटिक मात्र जड असूनही आपल्यावर काय गुदरलें तें जणूं लक्षांत ठेवतो. यावरून आमच्या पूर्वजांना द्रवस्फटिक ठाऊक होते असें कोणीं म्हणूं नये. तसें म्हणण्यानें शास्त्राचा मान वाढत नाहीं आणि पूर्वजांचाही नाहीं. त्यांनीं केलेले भेद मात्र नेमके आहेत, व ते नव्या वस्तूला लावून पाहण्यास हरकत नाहीं.

आतां पाटीच्या आंत शिरूं. दोन पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यांमध्यें द्रवस्फटिकाचा सुमारें चार-पांच मायक्रोमीटर जाडीचा थर आहे. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा दहावा-पंधरावा हिस्सा. पडद्यांच्या आंतल्या बाजूस वीज वाहून नेणारा पारदर्शक लेप आहे, आणि सर्वांच्या मागें काळा रंग. कोलेस्टेरिक जातीचें वैशिष्ट्य असें कीं, तिच्यांत रेणूंची दिशा एका पातळीहून पुढच्या पातळीस किंचित वळलेली असते. गोल जिन्याच्या पायऱ्या जशा एकीवर एक, पण थोड्या थोड्या फिरत वर जातात, तशीच ही रचना. एक पूर्ण फेरा व्हावयास पाटींत सुमारें साडेतीनशें नॅनोमीटर अंतर लागतें. मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या फेऱ्याच्या लांबीस द्रव्याच्या वक्रीभवनांकानें, म्हणजे अदमासें दीडनें किंवा त्याहून किंचित अधिकानें गुणलें कीं साडेपांचशें नॅनोमीटरच्या आसपासची संख्या येते. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी तीच. म्हणून हे जिने सरळ उभे असतील तेव्हां त्यांवर पडलेल्या प्रकाशांतून हिरवा तेवढा परत फिरतो. पाटीवरील अक्षराचा हिरवा रंग हा रंगद्रव्याचा नव्हे. तो केवळ रचनेचा रंग आहे, मोराच्या पिसावरील रंगासारखा.

जिने सरळ उभे आणि शेजारीं शेजारीं नीट मांडलेले, ही पहिली स्थिति. तिला आपण उजळ स्थिति म्हणूं. दुसऱ्या स्थितींत तेच जिने मोडत नाहींत, पण आडवे पडतात, आणि तेही कोणी इकडे तोंड करून, कोणी तिकडे. मग हिरवा प्रकाश परत फिरविणारी मांडणीच उरत नाहीं. बहुतेक प्रकाश थरांतून पार जातो आणि मागच्या काळ्या रंगांत जिरतो. ही काळी स्थिति. कोऱ्या पाटीवर सर्वत्र जिने आडवे असतात. लेखणीचा दाब पडतो तेथें पडदा किंचित दबतो, मधला द्रव बाजूस सरकतो, आणि त्या वाहण्यानें रेणू पडद्यांना समांतर निजतात. रेणू असे निजले कीं जिने आपोआप उभे होतात, कारण उभ्या जिन्याच्या पायऱ्या आडव्याच असतात. तेवढी रेघ हिरवी झाली. या लिहिण्यांत हाताच्या जोराखेरीज कशाचाही खर्च नाहीं. हा प्रवाह लांबवर पसरून रेघ फुगूं नये म्हणून द्रवांत बहुवारिकाची, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या द्रव्याची, बारीक जाळी विणलेली असते.

अक्षर तसेंच कां राहतें? दोन खेड्यांच्या मध्यें घाट असावा, तसें या दोन स्थितींच्या मध्यें आहे. दोन्ही खेडीं सखल जागीं वसलेलीं आहेत. एकांतून दुसऱ्यांत जावयाचें तर घाट चढावा लागतो. उष्णतेमुळें रेणू अहोरात्र थरथरत असतात. मग त्यांपैकीं एखादा हा घाट सहज ओलांडून कां जात नाहीं? कारण येथें एकट्या-दुकट्याचें चालत नाहीं. पंगतींत एकानेंच मध्यें उठून चालत नाहीं, उठावयाचें तर सर्व पंगत उठावी लागते. त्याप्रमाणें शेजारच्या असंख्य रेणूंनीं मिळून दिशा बदलल्याशिवाय जिना आडवा होत नाहीं. इतक्या सर्वांना एकदम उठविण्याची शक्ति घरांतल्या साध्या उष्णतेंत नाहीं. म्हणून सेल असो वा नसो, अक्षर राहतें.

पुसणें म्हणजे हा घाट मुद्दाम ओलांडविणें, आणि त्यास वीज लागते. येथेंच खरी अडचण आहे, व द्विस्थिर दर्शकाची सारी विद्या ती अडचण सोडविण्यांत आहे. अशा द्रवस्फटिकाच्या रेणूंवर विजेचा दाब आला कीं ते दाबाच्या दिशेस तोंड करून उभे राहतात. दाब धन बाजूनें दिला काय किंवा ऋण बाजूनें दिला काय, फल एकच. म्हणजे वीज ‘उभे रहा’ एवढी एकच आज्ञा जाणते. स्थिति मात्र दोन. एका आज्ञेनें दोन कामें कशीं करून घ्यावयाचीं?

कोलेस्टेरिक रचनेंत याचें उत्तर दाब किती दिला आणि कसा काढला यांत आहे. मध्यम दाबाचा एक स्पंद दिला तर रेणूंना उभें राहावयाचें असतें, पण पीळ उलगडण्याइतका जोर नसतो. तेव्हां मधला मार्ग म्हणून जिनेच आडवे होतात. आडव्या जिन्याच्या कांहीं पायऱ्या तरी दाबाच्या दिशेस येतात. पाटी काळी झाली. दाब याहून पुष्कळ वाढविला तर पीळ पार उलगडतो आणि सर्व रेणू शिपायांसारखे ताठ उभे राहतात. ही तिसरी स्थिति. ती टिकाऊ नाहीं, दाब आहे तोंपर्यंतच. येथून परतण्याच्या दोन वाटा आहेत. दाब एकदम काढला तर रेणू एकाच झोंकांत आडवे पडतात, जिने उभे बांधले जातात, आणि उजळ स्थिति येते. दाब हळूहळू उतरविला तर पीळ पुन्हां पडूं लागतो तेव्हां थोडा दाब अजून शिल्लक असतो. तो जिन्यांना उभें राहूं देत नाहीं, म्हणून ते आडवेच बांधले जातात, आणि काळी स्थिति येते. दाब दोन्ही वेळां तोच. भेद फक्त सोडण्याच्या रीतींत.

हें डोळ्यांनीं पाहतां येतें. पुसण्याची कळ दाबली असतां बहुतेक पाट्या काळ्या होण्यापूर्वीं क्षणभर सबंध उजळतात. आधीं मोठ्या दाबानें सर्वांना सारखें उभें करून उजळ स्थितीस आणावयाचें, आणि मग दुसऱ्या, कमी दाबाच्या स्पंदानें काळें करावयाचें, असा तो क्रम असतो. लिहिलेला आणि कोरा भाग दोन्ही प्रथम एका पातळीवर आले नाहींत तर जुन्या अक्षराची पुसट छाया मागें राहण्याचा संभव असतो. सेल केवळ तीन व्होल्टचा, आणि या कामास त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. म्हणून आंतील लहानशी विद्युत्‌रचना तो दाब क्षणभर वाढवून देते.

दुसरे दोन मार्गही सांगण्याजोगे आहेत. १९८० सालीं अमेरिकेचे नोएल क्लार्क व स्वीडनचे स्वेन लागरवाल यांनीं स्मेक्टिक जातीच्या एका द्रवस्फटिकास हात घातला. यांतील रेणू थरांत बसतात व थराशीं तिरपे असतात, आणि प्रत्येक थराला स्वतःची अशी विजेची दिशा असते. असा पदार्थ एक-दोन मायक्रोमीटरच्या फटींत कोंडला कीं रेणूंना डावीकडे कलणें किंवा उजवीकडे कलणें एवढ्या दोनच जागा उरतात. येथें वीज दोन आज्ञा जाणते : धन दाबानें रेणू एकीकडे कलतात, ऋण दाबानें दुसरीकडे, दाब गेला कीं आहेत तेथेंच राहतात. हा पालट सेकंदाच्या लक्षांश भागाच्या मापांत होतो. तिसरा मार्ग १९९० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील माल्व्हर्न येथें निघाला. तेथें कांचेच्या एका पृष्ठावर सुमारें एक मायक्रोमीटर अंतरानें बारीक पन्हळी पाडल्या. पन्हळीवर रेणू एक तर बरेचसे उभे किंवा बरेचसे आडवे अशा दोन रीतींनीं टिकून बसतात, आणि दाबाच्या धन-ऋण दिशेनें त्यांना एका रीतींतून दुसरींत नेतां येतें. अशा पट्ट्या मोठ्या दुकानांतील मांडणीवर मालाच्या किंमती दाखविण्याकडे वापरल्या गेल्या. किंमत बदलेल तेव्हांच वीज खर्चावयाची. पुस्तकें वाचण्याच्या कागदासारख्या दिसणाऱ्या यंत्रांचा पडदाही द्विस्थिर असतो खरा, पण त्यांत द्रवस्फटिक नसून काळ्या-पांढऱ्या सूक्ष्म कणांची हालचाल असते. दोहोंची गल्लत करूं नये.

इतका गुणी प्रकार असतां आपल्या दूरदर्शन-संचांत आणि खिशांतल्या फोनमध्यें तो कां नाहीं, असें कोणी विचारील. जो घाट अक्षराचें रक्षण करतो तोच ओलांडावयास जड जातो, हें त्याचें कारण. चलच्चित्रांत एका सेकंदाला तीस किंवा साठ वेळां चित्र बदलावें लागतें. तेथें टिकाऊपणाचा उपयोग नाहीं, आणि कोलेस्टेरिक रचना त्या वेगास पुरत नाहीं. स्मेक्टिकाची रचना वेगानें बदलते, पण तिचे थर नाजूक; धक्का लागला किंवा पडदा दाबला गेला कीं विस्कटतात व आपोआप नीट होत नाहींत. जपानच्या कॅनन कंपनीनें तिचे मोठे पडदे १९९० नंतर बाजारांत आणलेही, पण ते टिकले नाहींत. शिवाय पाटीची उजळ स्थिति आदर्श असली तरी पडलेल्या हिरव्या प्रकाशापैकीं निम्माच परत फिरवूं शकते. जिन्याचा फेरा ज्या हाताचा, त्याच हाताच्या फेऱ्याचा प्रकाश परततो, दुसरा पार जातो. म्हणून अंधाऱ्या खोलींत पाटी वाचवत नाहीं. उलट बाजूहि सांगितली पाहिजे : फोनच्या एलसीडी पडद्यांत विजेचा मोठा वांटा मागच्या दिव्याकडे जातो. पाटीला दिवाही नको आणि चित्र धरून ठेवण्याचा खर्चही नको.

ही पाटी बाजारांत रुळविण्याचें श्रेय अमेरिकेंतील ओहायो संस्थानांतल्या केंट या गांवीं जातें. तेथील विद्यापीठांत १९६५ सालीं द्रवस्फटिकांची संस्था निघाली, तिच्या परंपरेंतून १९९३ सालीं केंट डिस्प्लेज ही कंपनी निघाली, आणि २०१० सालीं तिनें ‘बुगी बोर्ड’ नांवाची पाटी विक्रीस आणली. एका सेलवर सुमारें पन्नास हजार वेळां पुसतां येतें असें त्या वेळीं कंपनीचें म्हणणें होतें. मुलांनीं रोज तीस वेळां पुसली असें धरलें तरी हा हिशेब साडेचार वर्षांवर जातो. स्वस्त पाट्यांना हाच आंकडा लावूं नये, पण सेल लवकर संपत नाहीं हा अनुभव सर्वांचाच आहे.

घरीं दोन गोष्टी करून पहाव्या. पाटीवर एक रेघ ओढून ती उजेडांत तिरपी तिरपी करीत न्यावी. हिरवा रंग निळसर होत जातो. प्रकाश तिरपा गेला कीं जिन्याच्या फेऱ्याचें माप त्याला लहान वाटतें, म्हणून लहान तरंगलांबीचा रंग परततो. दुसरें, वडील माणसानें सेल काढून मुलांना पाटीवर लिहावयास सांगावें आणि मग कळ दाबावयास लावावी. पुसलें जात नाहीं हें पाहिल्यावर ‘कां?’ हा प्रश्न मुलेंच विचारतील. उत्तर लगेच देऊं नये. मात्र सेल काढणें-घालणें मोठ्यांनींच करावें आणि झांकणाचा स्क्रू घट्ट पिळावा. हा चपटा बटणसेल लहान मुलानें गिळला तर दोन तासांच्या आंतही अन्ननलिकेला भाजल्यासारखी घोर जखम होऊं शकते. तसा नुसता संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

पाटीचा उपयोग कशास करावा व कशास करूं नये, हेंही तिच्या रचनेवरूनच ठरतें. ती लिखाण धरून ठेवते, पण कळीचा एक स्पर्श सर्व लिखाणास सारखाच लागू होतो. साध्या पाटीवर एक शब्द ठेवून दुसरा पुसण्याची सोय नाहीं. म्हणून वाणसामानाची यादी तिच्यावर खुशाल लिहावी. आजोबांना सकाळची गोळी दिली कीं नाहीं, किती वाजतां दिली, ही नोंद मात्र तिच्यावर ठेवूं नये. चार हातांच्या घरांत कोणाचें बोट केव्हां कळीवर पडेल याचा नेम नाहीं, आणि पुसलेल्या नोंदीची खूण मागें राहत नाहीं. एक गोळी दोनदां दिली गेली किंवा मुळींच दिली गेली नाहीं, तर दोष पाटीचा म्हणतां येणार नाहीं. तसली नोंद वहींत, शाईनें.

मुलांच्या अभ्यासाला ही पाटी द्यावी कीं नाहीं, असें आम्हांस विचाराल तर आम्ही द्यावी असें म्हणूं. पाढे, संधि, रूपें, शुद्धलेखन हें सर्व लिहून पुसण्याचेंच काम आहे. तिला भावनेसारखें कांहीं आहे असें वर म्हटलें, तरी एक भेद राहतोच. पाटीवर एकच रूप दहा वेळां गिरविलें म्हणून तें पाटींत अधिक पक्कें होत नाहीं. पहिल्या रेघेचें आणि दहाव्या रेघेचें टिकणें सारखेंच, आणि कळ दाबली कीं दोन्ही सारखींच जातात. मुलाच्या मनांत मात्र प्रत्येक आवृत्तीनें संस्कार दृढ होत जातो, आणि त्याला पुसण्याची कळ नाहीं. म्हणून मूल पाटीवर रामः रामौ रामाः लिहूं लागलें कीं तें पुसावयास लावावें, आणि पाटीकडे न पाहतां पुन्हां लिहावयास सांगावें.